तरुण मातेचा रसायनोपचार : पहिल्या डोसपूर्वी घराने करावयाची तयारी

इंदूरहून खंडव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे पंचवीस किलोमीटरवर सिमरोल हे गाव आहे. इंदूरच्या आय.आय.टी.चा विस्तीर्ण परिसर याच गावाच्या हद्दीत वसला असून भोवताली माळव्याची काळी जमीन आहे. पुढे हा रस्ता भेरूघाट उतरून नर्मदेच्या खोऱ्यात जातो. होळकरांच्या काळापासून इंदूर व त्याच्या आसपास मराठी कुटुंबे स्थायिक झालेली आहेत. अशा गावातील लहान मुलांच्या आईस स्तनाचा कर्करोग असल्याचे निदान झाले, तर तिला उपचारासाठी इंदूरला किंवा मुंबईला जावे लागते. उपचार रुग्णालयात होत असला तरी तो शेवटपर्यंत पार पडणे हे पुष्कळ अंशी घराच्या तयारीवर अवलंबून असते. ही तयारी कोणती, याची माहिती रुग्ण, तिचे कुटुंबीय, शिक्षक व ग्रामपातळीवरील कर्मचारी या सर्वांस असणे आवश्यक आहे.

भारतीय स्त्रियांमध्ये आज सर्वाधिक आढळणारा कर्करोग हा स्तनाचा होय. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली देशात सुमारे एक लाख ब्याण्णव हजार स्त्रियांना तो नव्याने झाला. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेने आपल्याकडे हा रोग कमी वयात आढळतो. त्यामुळे रुग्ण स्त्रियांमध्ये लहान मुलांच्या माता बऱ्याच असतात.

रसायनोपचार म्हणजे काय

लोक ज्यास केमोथेरपी किंवा नुसते केमो म्हणतात, तो रसायनोपचार होय. शस्त्रक्रियेने गाठ काढता येते. परंतु रक्तावाटे शरीरात अन्यत्र गेलेल्या सूक्ष्म पेशींपर्यंत शस्त्र पोहोचत नाही. त्या पेशी नष्ट करण्यासाठी शिरेतून औषधे दिली जातात. इटलीतील डॉ. जिआन्नी बोनादोन्ना यांनी १९७६ साली असे दाखवून दिले की, काखेतील गाठींपर्यंत रोग पसरलेल्या स्त्रियांना शस्त्रक्रियेनंतर ही औषधे दिल्यास रोग उलटण्याचे प्रमाण कमी होते. काही वेळा गाठ लहान व्हावी म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच हा उपचार देतात. तेव्हा 'आधी ऑपरेशन का केले नाही' म्हणून घरच्यांनी घाबरून जाऊ नये.

औषधे बहुधा दर दोन किंवा तीन आठवड्यांनी, तर काही दर आठवड्यास देतात. एकेका आवर्तनास रुग्णालयात 'सायकल' म्हणतात. तीन आठवड्यांच्या अंतराने आठ आवर्तने ठरली, तर उपचारास सुमारे साडेपाच ते सहा महिने लागतात. ही औषधे जलद वाढणाऱ्या पेशींवर आघात करतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतातच. परंतु केसांची मुळे, तोंडाचे व आतड्याचे अस्तर आणि हाडांच्या मगजातील रक्तपेशीही तशाच वाढतात. केस गळणे, तोंड येणे, मळमळ व अशक्तपणा यांचे कारण हेच होय. उपचार संपल्यावर केस बहुधा पुन्हा येतात.

दोन आवर्तनांमधील अंतर शरीर सावरण्याइतके व रोगास उसंत न मिळण्याइतके ठरविलेले असते. वैद्यकीय कारणावाचून ते वाढले किंवा बरे वाटू लागले म्हणून उपचार मध्येच सोडला, तर त्याचा लाभ कमी होतो. तरुण मातेच्या बाबतीत तारीख चुकण्याची कारणे पुष्कळदा घरगुतीच असतात : मूल कोणाकडे ठेवावे, सोबत कोणी यावे, पैसा कोठून आणावा. या प्रश्नांची उत्तरे पहिल्या डोसपूर्वीच शोधून ठेवणे ही तयारीतील सर्वांत महत्त्वाची बाब होय.

डॉक्टरांस आधीच विचारावयाच्या गोष्टी

गाठीच्या तुकड्याच्या तपासणीवरून कर्करोगाचा प्रकार ठरतो व त्यानुसार औषधे निवडली जातात. याखेरीज रक्त, यकृत व मूत्रपिंड यांची तपासणी करतात. काही औषधांचा परिणाम हृदयावर होतो, म्हणून ईको तपासणी होते. शरीरात सुप्त असलेली ब प्रकारची कावीळ या उपचारात उचल खाऊ शकते, म्हणून तिचीही तपासणी करतात. किडलेले दात आधीच दाखवून घ्यावेत; पुढे रक्तपेशी कमी झाल्या असता दाताचा साधा विकारही त्रासदायक ठरतो. चालू असलेली सर्व औषधे, काढे व चूर्णे डॉक्टरांस दाखवावीत आणि त्यांना न विचारता नवीन काही घेऊ नये.

दिवस गेलेले असण्याची शक्यता असल्यास ते स्पष्ट सांगावे. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत रसायनोपचार देत नाहीत. त्यानंतर काही औषधे विशेष देखरेखीखाली देता येतात. उपचार चालू असता गर्भधारणा होऊ देऊ नये. त्यासाठी संप्रेरकयुक्त गोळ्या घेऊ नयेत. निरोध, तांबी इत्यादी साधनांपैकी कोणते योग्य, हे डॉक्टर सांगतात.

या उपचाराने मासिक पाळी काही काळ, क्वचित कायमचीही, बंद होऊ शकते. आणखी मूल व्हावे अशी इच्छा असल्यास स्त्रीबीज किंवा भ्रूण गोठवून ठेवणे, अंडाशयाच्या रक्षणासाठी इंजेक्शन देणे असे उपाय आहेत. मात्र ते पहिल्या डोसपूर्वीच योजावे लागतात. हा प्रश्न विचारण्यास संकोच करू नये. त्याचा निर्णय पतिपत्नींनी डॉक्टरांच्या सल्ल्याने करावा.

अंगावर पिणारे मूल

रसायनोपचाराची औषधे दुधात उतरतात. म्हणून पहिल्या डोसपूर्वी मुलास अंगावर पाजणे बंद करावे लागते व डॉक्टरांनी परवानगी दिल्यावाचून ते पुन्हा सुरू करू नये. अवधी असल्यास एकेक वेळचे पाजणे कमी करीत आठवडाभरात मूल तोडावे. त्यामुळे आईस ठणका कमी लागतो व मुलासही सवय होते. दूध आटविण्याची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. सहा महिन्यांखालील बाळास कोणते दूध, किती व कसे द्यावे, हे बालरोगतज्ज्ञांस विचारावे. ते उकळलेल्या स्वच्छ वाटी-चमच्याने पाजावे. बाटली शक्यतो टाळावी. या दिवसांत आजी, मावशी, आत्या यांपैकी एकीने मुलास भरविण्यास व निजविण्यास सुरुवात करावी, म्हणजे आई रुग्णालयात गेली असता ते बावरत नाही.

घरातील कामाची वाटणी

डोसच्या सर्व तारखा मिळताच त्या भिंतीवरील दिनदर्शिकेत नोंदवाव्यात. प्रत्येक तारखेपुढे सोबत जाणाऱ्याचे व मुलांजवळ राहणाऱ्याचे नाव लिहावे. डोसनंतरचे पहिले तीन-चार दिवस मळमळ व थकवा अधिक असतो. त्या दिवसांत स्वयंपाक, पाणी भरणे व गुराढोरांचे काम दुसऱ्याने उचलले पाहिजे. उलटी थांबविण्याच्या गोळ्या त्रास होण्याची वाट न पाहता सांगितलेल्या वेळी द्याव्यात.

अन्न घरी शिजविलेले व ताजे असावे. पाणी व दूध उकळून घ्यावे. रस्त्यावरील कापलेली फळे व उघड्यावरचे पदार्थ टाळावेत. घरात धुऊन सोललेले फळ, वरण-भात, खिचडी, अंडे, डाळ असा आहार चालतो. 'कर्करोगात हे खाऊ नये, ते खाऊ नये' अशा ऐकीव पथ्यांनी रुग्णाची शक्ती मात्र घटते.

एक औषध तांबड्या रंगाचे असते. ते दिल्यावर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नव्हे. डोसनंतर दोन दिवस शौचालयात भरपूर पाणी टाकावे आणि उलटीने किंवा मलमूत्राने खराब झालेले कपडे हातमोजे घालून वेगळे धुवावेत.

ताप आल्यास

डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात व जंतुसंसर्गाशी लढण्याची शक्ती घटते. म्हणून घरात तापमापक असलाच पाहिजे. ताप १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस, किंवा त्याहून अधिक आढळल्यास, तसेच ताप नसताही थंडी वाजून कापरे भरल्यास, सकाळची वाट पाहू नये. तापाची गोळी देऊन झोपवू नये, कारण त्यायोगे ताप उतरलेला दिसतो, पण संसर्ग वाढत राहतो. रुग्णास तत्काळ रुग्णालयात नेऊन 'केमो चालू आहे' हे प्रथम सांगावे. अशा वेळी जंतुनाशक औषध तासाभरात सुरू होणे इष्ट असते.

सिमरोलसारख्या गावाने या रात्रीचा विचार आधीच करून ठेवावा. वाहन कोणाचे, चालविणार कोण, रात्री कोणत्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग उघडा असतो, त्याचा दूरध्वनी क्रमांक काय, हे कागदावर लिहून दाराजवळ लावावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिकाही बोलावता येते. उपचाराचे कागद एका पिशवीत एकत्र ठेवावेत.

मुले व शाळा

कर्करोग संसर्गजन्य नाही. आईने मुलांना जवळ घेण्यास, त्यांच्याशेजारी निजण्यास हरकत नाही. मात्र मुलास सर्दी, ताप किंवा कांजिण्या झाल्या असता काही दिवस वेगळे ठेवावे. मुलांच्या लसीकरणात खंड पडू देऊ नये. पोलिओचे थेंब देण्यापूर्वी आईचा उपचार चालू असल्याचे आरोग्य सेविकेस सांगावे.

मुलांपासून सर्व काही लपविले, तर ती मनाने त्याहून भयंकर कल्पना करतात. आईला आजार आहे, औषधाने तिचे केस जातील व पुन्हा येतील, आणि यात कोणाचाही दोष नाही, एवढे साध्या शब्दांत सांगावे. केस दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गळू लागतात. ते आधीच बारीक कापले असता मुलांना एकाएकी धक्का बसत नाही. शिक्षकांस कल्पना दिल्यास मुलाची गैरहजेरी किंवा अबोलपणा यांचा अर्थ त्यांच्या लक्षात येतो.

खर्च, प्रवास व गावाचा वाटा

२०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबास वर्षाकाठी पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचाराचे संरक्षण असून त्यात कर्करोगाच्या उपचाराचा समावेश आहे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. कार्ड नसल्यास ते पहिल्या डोसपूर्वीच काढावे. ग्रामपंचायतीचे सचिव व आशा कार्यकर्ती यांनी या कामी पुढाकार घ्यावा. उपचारासाठीच्या रेल्वे प्रवासात कर्करोगाच्या रुग्णास व सोबत्यास भाड्यात सवलत मिळते. त्यासाठी डॉक्टरांचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते.

मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कार्यरत आहे. तेथे सल्ला घेतला तरी प्रत्येक डोस तेथेच घेतला पाहिजे असे नाही. २०१२ साली स्थापन झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने देशातील कर्करोग रुग्णालयांस समान उपचारपद्धतीने जोडण्याचे कार्य हाती घेतले आहे. घराजवळ योग्य सोय असल्यास तेथे डोस घेणे लहान मुलांच्या आईस सोयीचे पडते. हे डॉक्टरांस विचारून ठरवावे.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणीचे कार्य चालू आहे. तेथील कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन माहिती दिल्यानंतर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया आधीच्या अवस्थेतच तपासणीस येऊ लागल्या. गावाने मनावर घेतले म्हणजे स्त्रिया वेळेवर रुग्णालयात पोहोचतात. वेळेवर पोहोचलेल्या स्त्रीचा उपचार शेवटच्या डोसपर्यंत पुरा होण्यासही अशीच साथ लागते. शेजारणीने एका वेळचा डबा द्यावा, शिक्षकाने मुलाचा अभ्यास पाहावा, वाहन असणाऱ्याने एका तारखेची जबाबदारी घ्यावी. सहा महिन्यांतील आठ तारखा वाटून घेणे कोणत्याही गावास अवघड नाही.