छपरावरचे शेवाळ : लेप की औषध?

पावसाळा सरून आश्विनातले स्वच्छ ऊन पडू लागले, की आपण घराकडे जरा मान वर करून पाहतो. जूनमध्ये लाल दिसणारी कौले आता काळवंडलेली असतात, आणि गच्चीवर पाऊल टाकावे तर बुळबुळीत हिरवा थर पायाखाली येतो. आमच्या ओळखीच्या एका शाळेतले शिपाईमामा मागे एकदा भाद्रपदात गच्चीच्या पाइपात अडकलेला पाला काढायला वर गेले आणि पाय घसरून पडले. कमरेचे हाड मोडले, पुढे कित्येक महिने अंथरुणात गेले. तेव्हा हा विषय नुसत्या शोभेचा नाही.

अशा वेळी दोन प्रकारचे सल्ले मिळतात. रंगाचा दुकानदार म्हणतो, "वरून एक चांगला लेप द्या, पाणीच आत जाणार नाही, मग शेवाळ कुठून येणार?" शेजारचा द्राक्षबागाईतदार म्हणतो, "लेपाबिपात पैसे घालू नका, मोरचुदाचा एक फवारा मारा." दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक असतात. पण कुणाचे केव्हा ऐकायचे हे ठरवायला आधी शेवाळ म्हणजे काय ते पाहिले पाहिजे.

छपरावरचे शेवाळ ही फार साध्या रचनेची जिवंत वस्ती आहे. तिला मुळे नसतात. ओल, उजेड आणि वाऱ्याबरोबर आलेली चिमूटभर धूळ एवढ्यावर तिचा संसार चालतो. हिरवे दिसते ते शेवाळ आपल्या ओळखीचे असते. पण कौलांवर आणि भिंतींवर जो काळा डाग पडतो, तो पुष्कळदा निळ्या-हिरव्या जातीच्या सूक्ष्म जीवांचा असतो. कडक उन्हापासून बचाव म्हणून ते आपल्याभोवती गडद रंगाचे आवरण तयार करतात, आणि म्हणून काळे दिसतात. चैत्र-वैशाखात ते सुकून पडलेले असतात, मेलेले नसतात. वळवाची पहिली सर आली की पुन्हा जागे होतात. याच जातीचे भाऊबंद भाताच्या खाचरात हवेतला नत्र धरून पिकाला खत पुरवतात. पी. के. डे या भारतीय संशोधकांनी १९३९ साली बंगालमधील भातखाचरांवरून ते दाखवून दिले. इगतपुरीकडच्या भातकऱ्याच्या शेतात तो मित्र, आणि त्याच्याच घराच्या कौलांवर उपद्रवी! जुन्या दगडांवर राखाडी पापुद्रे येतात, ते शेवाळ आणि बुरशी यांच्या भागीदारीतून झालेले. आपल्या गोड्या मसाल्यातले दगडफूल त्याच घराण्यातले.

आता मुख्य मुद्दा. गळती आणि शेवाळ ही दोन निराळी दुखणी आहेत. लेप हा गळतीवरचा उपाय आहे. पाणी आत शिरू देत नाही. पण शेवाळ वाढते ते पृष्ठभागावर. त्याला आत शिरायची गरजच नसते. गच्चीवरची प्लॅस्टिकची टाकी पाहा. तिच्याइतके पाणीबंद दुसरे काय असणार? तरी तिच्या उत्तरेच्या अंगाला हिरवी झाक येतेच. याउलट औषधाने शेवाळ मरते, पण एक थेंबही गळती थांबत नाही. म्हणून खिशात हात घालण्यापूर्वी स्वतःला विचारावे : माझे छप्पर गळते आहे, की नुसते काळे-हिरवे झाले आहे?

आपला नाशिक जिल्हा या बाबतीत मोठा विचित्र आहे. इगतपुरीला वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. तेथून ४५ किलोमीटरवर नाशिक शहरात तो ७०० मिलिमीटरच्या आसपास येतो, आणि पूर्वेला येवला-नांदगावकडे त्याहूनही कमी. त्यामुळे पेठ, सुरगाणा, त्र्यंबक या बाजूला उतरती कौलारू छपरे, तर पूर्वेकडे धाब्याची घरे. धाब्याच्या घराविषयी मी फारसे सांगत नाही. तेथे पांढऱ्या मातीचा थर दरवर्षी दाबून घेणे हाच लेप आणि हेच औषध.

कौलांचे मात्र सविस्तर सांगायला हवे. भाजलेले कौल सच्छिद्र असते; ते थोडे पाणी पिते आणि ऊन पडले की सोडून देते. मंगळुरी कौलांचा कारखाना बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला काढला, आणि तेव्हापासून ही कौले आपल्याकडे घरोघर आली. त्यांच्या खाचा अशा काढलेल्या असतात की एक कौल दुसऱ्यात बसते, पण चिकटत नाही. मधून वारा खेळतो, आत गेलेली ओल सुकते. म्हणून तर उन्हाळ्यात घर शाकारताना आपण कौल उचलू शकतो, फुटके काढून नवे घालू शकतो.

माझ्या मामांचे घर त्र्यंबक तालुक्यात. कौले काळी पडली म्हणून कोणा कंत्राटदाराने त्यांना जाड, चकचकीत लाल रंगाचा लेप सुचवला. "मामा, दहा वर्षं वर बघायचं काम नाही," असे तो म्हणाला. पहिल्या वर्षी घर नव्यासारखे दिसले, मामी तर सगळ्यांना बोलावून दाखवीत. दुसऱ्या पावसाळ्यात वाऱ्याने पाणी सांध्यांतून आत शिरले. ते कधी शिरत नव्हते असे नाही, पण आता सांधे रंगाने चिकटलेले, त्याला सुकायला वाट राहिली नाही. खालच्या रिपा काळ्या पडून मऊ झाल्या. तिसऱ्या वर्षी कौले चाळायला माणूस चढला, तर एक कौल उचलावे तो शेजारची दोन कडा सोडून देत. जुनी, ठणठणीत कौले अशी हकनाक फुटली. आणि शेवाळ? ते रंगाच्या पोपड्यांवर आरामात बसले होते. तेव्हापासून माझे मत पक्के आहे : कौलांना जाड लेप देऊ नये. पाणी झटकणारी पण वाफ बाहेर सोडणारी, सिलिकॉनच्या जातीची पातळ द्रवे बाजारात मिळतात. ती त्यातल्या त्यात बरी, पण ती महाग असतात आणि काही वर्षांनी पुन्हा द्यावी लागतात. गावठी नळीच्या कौलांवर तो खर्च करण्यात मला अर्थ दिसत नाही.

मग कौलांना औषध कोणते? येथे आपला द्राक्षबागाईतदार उपयोगी पडतो. १८८० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये मिलार्दे या शास्त्रज्ञाने मोरचूद आणि चुना यांचे मिश्रण द्राक्षाच्या केवड्यावर लागू पडते हे सिद्ध केले. तेच आपले बोर्डो मिश्रण. १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना, हे प्रमाण निफाड-दिंडोरीकडे पोरासोरांना पाठ असते. त्यातले तांबे जसे बुरशीला मारक, तसेच शेवाळालाही. कौलांवर हेच मिश्रण चालते. आधी सुके शेवाळ नारळाच्या ब्रशने झाडावे, मग दोन दिवस पाऊस येणार नाही असे पाहून वारा पडलेला असताना फवारावे. मिश्रणात विळा बुडवून पाहण्याची जुनी खूण विसरू नये. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे.

तीच खूण आणखी एक धोका सांगते. तांबे लोखंडावर चढते, तसे जस्तावरही चढते आणि जस्त खाऊन टाकते. म्हणून जस्ताच्या पत्र्यावर किंवा जस्ताच्या पन्हळीवर मोरचुदाचे पाणी कधी जाऊ देऊ नये. पत्रा एक-दोन पावसाळ्यांत गंजायला लागतो आणि दोष मात्र पत्र्याच्या कारखान्यावर येतो.

तांब्याचा एक सोपा प्रयोगही आहे. आढ्याच्या दोन्ही अंगांना उघडी तांब्याची तार लांबीने बांधून ठेवावी. प्रत्येक सरीबरोबर तांब्याचा अत्यल्प अंश खाली ओघळतो आणि त्या वाटेवर शेवाळ सहसा बसत नाही. आढ्यावर जस्ताचा पत्रा असलेले जुने छप्पर कधी निरखून पाहा, पत्र्याच्या लगत खाली कौलांचा उजळ पट्टा दिसेल. तेथे हेच काम जस्त करते.

पण येथे एक पथ्य कडक पाळले पाहिजे. डोंगराळ पाड्यांवर पुष्कळ घरी पागोळ्यांचे पाणी हंड्यात, टाकीत धरून पिण्याला वापरतात. अशा छपरावर मोरचूद नको, ब्लीचिंग पावडरही नको आणि तारही नको. तेथे कोरड्या ब्रशने झाडणे आणि वर झुकलेली फांदी छाटणे एवढेच करावे. मोरचुदाचे पाणी विहिरीत किंवा शेततळ्यात गेले तर मासे मरतात, हेही लक्षात असू द्यावे.

आता गच्चीकडे वळू. सिमेंटच्या स्लॅबला लेप चालतो, नव्हे, गळत असेल तर तो द्यावाच लागतो. कारण आत शिरलेले पाणी लोखंडाच्या सळया गंजवते, गंज फुगतो आणि खालून गिलाव्याचे पोपडे निघतात. वर्गात मुले बसलेली असताना असा पोपडा पडणे म्हणजे काय, ते शिक्षकांना सांगायला नको. पण लेपाआधी पाणी साचते कुठे ते पाहावे. पाऊस थांबल्यावर तासाभराने वर जाऊन जेथे डबके असेल तेथे खडूने रेघ मारून ठेवावी. गच्चीचा उतार शंभराला एक, म्हणजे १० फुटांत सव्वा इंच तरी असावा. तो नसेल तर महागातला लेपही डबक्याखाली टिकत नाही. पुष्कळ ठिकाणी तर सारा दोष वरच्या टाकीचा असतो. पंप बंद करायला कोणी उठत नाही, टाकी भरून वाहते आणि भर एप्रिलमध्येही गच्चीवर हिरवा ओघळ जिवंत राहतो. तेथे दहा-वीस रुपयांचा वॉशर किंवा एक बॉलकॉक जे काम करील ते हजारांचा लेप करणार नाही.

लेप द्यायचाच ठरला तर शेवाळ आधी मारून, घासून, धुऊन काढले पाहिजे. नाहीतर लेप शेवाळाला चिकटतो, गच्चीला चिकटत नाही, आणि साल निघावी तसा निघतो. १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर कालवून वरची निवळ घ्यावी, ती शिंपडून अर्धा तास ठेवावी, मग घासून भरपूर पाण्याने धुवावे. या पाण्यात फरशी धुण्याचे ॲसिड चुकूनही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो. नंतर गच्ची पुरती सुकू द्यावी. ती सुकली की नाही, हे पाहायला दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा कागद चारी कडांनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवावा. सकाळी खालून दवासारखे थेंब दिसले तर अजून ओल आहे, थांबावे. लेपाचे काम मार्च-एप्रिलमध्ये व्हावे ते यासाठी. ते मे अखेर ढग आल्यावर सुरू होते, हा आपला स्वभाव!

आणि लेप दिल्यावरही चार-पाच पावसाळ्यांनी त्यावर धूळ बसून शेवाळ येणारच. तेव्हा ते मऊ ब्रशने काढावे, तारेच्या ब्रशने लेप फाटतो.

गच्ची गळत नसेल, नुसतीच हिरवी होत असेल, तर माझ्या मते चुन्यासारखा सोबती नाही. ताजा चुना तिखट असतो, शेवाळ जाळतो. शिवाय पांढऱ्या गच्चीवर ऊन परतते आणि खालची खोली थंड राहते. मात्र हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने चुन्याची हळूहळू खडू होते आणि त्याचा तिखटपणा जातो. म्हणून तो दरवर्षी नवा द्यावा लागतो.

सिमेंटच्या पत्र्यांविषयी दोन शब्द कळकळीने सांगतो. अशा पुष्कळ पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते. घासल्याने त्याचे सूक्ष्म तंतू हवेत उडतात आणि फुप्फुसात गेले तर कर्करोगाला कारण होतात. तेव्हा हे पत्रे सुके घासू नयेत. त्यावर चढू तर मुळीच नये. जुना पत्रा वरून धड दिसतो आणि पाय ठेवताच मोडतो. शेवाळ असेना का तिथे. बाजूला पक्की शिडी लावून, तीवरून पाण्याचा जोर न वापरता औषध शिंपडता आले तर शिंपडावे, नाहीतर सोडून द्यावे.

शिक्षकांसाठी एक सूचना. मृगाच्या आधी एकाच कौलाचे चार तुकडे करून शाळेच्या उत्तरेकडच्या कुंपणभिंतीवर तिरपे ठेवावेत. एक कोरा, एक चुना दिलेला, एकाच्या वरच्या कडेला तांब्याची तार गुंडाळलेली, आणि एक वरच्या बाजूने तेलरंग लावलेला. तारेचे पाणी दुसऱ्यांवर जाऊ नये एवढे अंतर असावे. दर शनिवारी मुलांनी पाहून वहीत टिपावे. दसऱ्याच्या सुटीआधी चारही तुकडे वर्गात आणून मांडावेत, आणि तेलरंगाचा तुकडा उलटा करून त्याच्या मागच्या बाजूला हात लावून पाहायला मुलांना जरूर सांगावे.