ट्रॉली ओढणे आणि ट्रॉली थांबविणे

गळीत हंगाम सुरू झाला की आळंद, अफजलपूर, बसवकल्याण, हुमनाबाद, भालकी या तालुक्यांतील रस्त्यांवर उसाने लादलेल्या ट्रॉल्यांची वर्दळ दिवसरात्र चालू राहते. हवळगा, भूसनूर अशा ठिकाणच्या कारखान्यांच्या वजनकाट्यावर पोहोचण्यापूर्वी यांतील पुष्कळ ट्रॉल्यांना अनेक किलोमीटरचा रस्ता तुडवावा लागतो. गुलबर्गा (२०१४ पासून कलबुर्गी) जिल्ह्याच्या पूर्व भागात याच ट्रॉल्या शहाबादी फरशी वाहतात. ट्रॅक्टर बहुधा जुना, डिझेल इंजिनाचा, पस्तीस ते पंचेचाळीस अश्वशक्तीचा असतो. अलीकडे काही गावांत जुन्या डिझेल पिकअप गाडीलाही मागे ट्रॉली अडकविण्याचा प्रकार दृष्टीस पडतो.

जुने डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवरही जोरदार ओढ देते, हा त्याचा मोठा गुण होय. सपाट रस्त्यावर दोन भरलेल्या ट्रॉल्या ते कुरकुर न करता ओढते आणि त्यामुळे चालकाच्या व मालकाच्या मनात असा समज घर करतो की, ज्या अर्थी ट्रॅक्टर भार ओढतो, त्या अर्थी तो भार त्याला झेपतो. हा समज चुकीचा आहे. ओढण्याचे काम इंजिन करते. थांबविण्याचे काम चाके आणि ब्रेक करतात. या दोन शक्तींचा एकमेकींशी काही संबंध नाही.

हे आकड्यांत मांडून पाहणे उपयुक्त ठरेल. ट्रॅक्टरचे वजन सुमारे २ टन आणि मालासह प्रत्येक ट्रॉलीचे वजन ६ टन धरल्यास दोन ट्रॉल्यांची गाडी एकूण १४ टनांची होते. आपल्याकडील बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. असले तरी ते ट्रॅक्टरला जोडलेले नसतात. ट्रॅक्टरचे ब्रेकही केवळ मागील दोन चाकांवर चालतात. त्या दोन चाकांवर हुकावरील भारासह सुमारे २ टन वजन पडते असे मानू. कोरड्या डांबरी रस्त्यावर चाकाची पकड त्यावरील वजनाच्या साधारण सहा दशांश असते. म्हणजे ब्रेक कितीही दाबला, चाके जागीच अडकली, तरी मागे खेचणारा जोर १.२ टनांपेक्षा अधिक मिळणार नाही. १४ टनांचे ओझे आणि १.२ टनांचा लगाम, असे हे प्रमाण आहे.

सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटर वेग असताना ही गाडी थांबण्यास, चालकाला भान येण्याचा एक सेकंद धरून, सुमारे २४ मीटर लागतात. वेग ३० झाला की हेच अंतर ५० मीटरच्या घरात जाते. वेग दीडपट झाला तरी अंतर दुपटीहून अधिक वाढते, कारण धावत्या वस्तूतील शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असते.

खरा धोका उतारावर आहे. बीदरचे पठार जांभ्या दगडाचे असून तेथून मांजरा नदीच्या खोऱ्याकडे जाणारे रस्ते ठिकठिकाणी उतरत जातात. वीस मीटर चालल्यावर एक मीटर खाली जाणाऱ्या उतारावर १४ टनांचे ओझे स्वतःच ०.७ टनाच्या जोराने खाली ढकलते. १.२ टनांच्या लगामातून तेवढा जोर वजा झाला की उरतो तो केवळ अर्धा टन. ताशी २० च्या वेगातही ५० मीटर लागतात. बारा मीटरला एक मीटर असा तीव्र उतार आला की ढकलणारा जोर जवळजवळ १.२ टन होतो, म्हणजे ब्रेकच्या संपूर्ण जोराएवढा. रस्त्यावर चिखल, वाळू किंवा पडलेले पाचट असेल, तर हा लगामही निम्म्यावर येतो. अशा वेळी ब्रेक निकामी झाले असे चालक सांगतो. वास्तविक पुष्कळदा ब्रेक उत्तम असतात. चाकांना पकडच उरलेली नसते. मागील चाके अडकून घसरू लागली की ट्रॉली त्यांना बाजूला रेटते आणि ट्रॅक्टर व ट्रॉली चाकूच्या पात्याप्रमाणे एकमेकांवर मिटतात. चालक बहुधा त्या मधल्या कोनात सापडतो.

यास्तव उतार सुरू होण्यापूर्वीच वेग कमी करून खालचा गिअर टाकला पाहिजे. ज्या गिअरमध्ये तो चढ चढता आला असता, त्याच गिअरमध्ये उतार उतरावा, हा जाणत्या चालकांचा नियम शास्त्रालाही धरून आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिन चाकांना सतत धरून ठेवते. डिझेल वाचेल या लोभाने उतारावर गिअर न्यूट्रल करणे किंवा क्लच दाबून ठेवणे म्हणजे हा आधार आपल्या हाताने सोडून देणे होय. वाचणारे डिझेल फार तर एखाद्या पेल्याएवढे असते. भर उतारावर, वेग वाढल्यावर, गिअर बदलण्याचा प्रयत्नही करू नये. निघालेला गिअर पुन्हा पडेलच असे नाही.

ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या चाकासाठी ब्रेकची दोन पेडले असतात. शेतात वळण्याच्या सोयीसाठी ती सुटी ठेवतात. रस्त्यावर येताना ती जोडणारी पट्टी बसविलीच पाहिजे. पट्टी नसेल आणि एकाच पेडलावर पाय पडला, तर भरलेली ट्रॉली मागून रेटत असताना ट्रॅक्टर एका अंगावर फिरतो. ही पट्टी गंजून गेलेली किंवा हरवलेली असल्याचे कितीतरी जुन्या ट्रॅक्टरांवर आढळते, आणि ती नव्याने करून घेण्यास लोहाराकडे एक दुपारही लागत नाही.

ट्रॉली नेहमी खालच्या ड्रॉबारलाच जोडावी. हुक मागील आसाच्या वर असेल, तर चढावर जोर लागताच ट्रॅक्टरचा पुढील भाग उचलला जातो, स्टिअरिंग हलके पडते आणि प्रसंगी ट्रॅक्टर मागे उलटतो. पुढे दगड बांधून हा दोष झाकता येतो, दूर होत नाही. जोडाच्या पिनेच्या जागी सळईचा तुकडा किंवा मिळेल तो बोल्ट वापरू नये. पिनेला खालून अडकण असावी आणि ट्रॉली सुटलीच तर तिला धरून ठेवणारी साखळी वेगळी असावी.

माल कसा भरला आहे यालाही महत्त्व आहे. दहा फूट लांब व सहा फूट रुंद हौद्यात जेमतेम एक फूट उंचीची फरशी भरली तरी तिचे वजन चार टनांच्या पुढे जाते; तेवढ्याच वजनाचा ऊस भरण्यास सात फुटांची रास करावी लागते. फरशीची ट्रॉली अर्धी रिकामी दिसते म्हणून आणखी थर चढविण्याचा मोह होतो आणि पाटे व टायर त्याची किंमत देतात. उसाची रास उंच असल्यामुळे वळणावर किंवा रस्त्याच्या कडेची काळी माती खचल्यास ती कलंडते. दोन चाकी ट्रॉलीत भार आसाच्या किंचित पुढे असावा. तो मागे गेला तर हुक वर उचलला जातो आणि ट्रॉली मागे शेपटीसारखी हलू लागते.

पिकअप गाडीविषयी वेगळे सांगणे भाग आहे. ती वेगाने धावते आणि तिचे मागील पाटे तिच्या स्वतःच्या हौद्यातील मालासाठी केलेले असतात. ब्रेक नसलेली जड ट्रॉली ट्रॅक्टरमागे जेवढी धोक्याची, त्याहून अधिक ती पिकअपमागे आहे. नोंदणीपत्रात ट्रेलर ओढण्यास मान्यता नसेल, तर तो विचार सोडून द्यावा.

इंजिनाची निगा हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. हंगामात धुळीने एअर क्लीनर व पाचटाने रेडिएटरची जाळी बुजते, ती रोज साफ करावी एवढे येथे पुरे. ओढ वाढावी म्हणून पंपातून जादा डिझेल सोडवून घेण्याची जी पद्धत पडली आहे, तिने काळा धूर आणि तापलेले हेड मिळते. ब्रेक मात्र होते तेवढेच राहतात.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११३ अन्वये नोंदणीपत्रातील वजनापेक्षा अधिक भार वाहण्यास मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ प्रमाणे यासाठी २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंडाची तरतूद झाली. परंतु वाहतुकीचे पैसे टनावर मिळत असताना केवळ दंडाने हा प्रश्न सुटेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक ट्रॉलीचे वजन रोज नोंदले जाते. रस्त्यावर ट्रॉल्या अडविण्यापेक्षा या नोंदी पाहणे अधिकाऱ्यांना सोपे आहे आणि कारखान्यांना तर त्या घरच्याच आहेत.

रात्री उभ्या ट्रॉलीवर मागून दुचाकी आदळून होणारे अपघात टाळता येण्याजोगे आहेत. बाहेर आलेल्या उसामुळे मागील दिवा झाकला जातो. म्हणून लाल परावर्तक पट्टी हौद्याच्या खालच्या कडेला, ऊस लोंबणार नाही अशा जागी लावावी. बिघाड झाल्यास रस्त्यावर दगड मांडण्याची रीत आहे. ट्रॉली निघून जाते, दगड तेथेच राहतात आणि पुढचा अपघात ते घडवितात. टेपचा आवाजही असा नसावा की मागील गाडीचा भोंगा ऐकू येणार नाही. उसाच्या राशीवर तोडणी कामगारांना बसविणे नियमबाह्य आहे, मग फड कितीही दूर असो.

शिक्षकांना एक गोष्ट विशेष करून सांगावीशी आहे. शाळेजवळून ट्रॉली जाऊ लागली की मुले मागे धावत ऊस ओढतात, काही जण हुकावर किंवा दोन ट्रॉल्यांमधील दांड्यावर चढतात. चालकाला पुढून हे दिसत नाही आणि दिसले तरी ही गाडी चटकन थांबत नाही. वरील आकडे वरच्या वर्गातील मुलांना फळ्यावर सोडवून दाखविता येतील. लहान मुलांसाठी हंगामाच्या दिवसांत शाळा सुटण्याच्या वेळी एखाद्या शिक्षकाने रस्त्याच्या कडेला उभे राहावे.