राष्ट्रपतिपदाचा उमेदवार : लेखांक चौथा
बंगळूरला ठरलेले नाव

३ मे १९६९ रोजी डॉ. झाकीर हुसेन यांचे पदावर असतानाच निधन झाले आणि दोनच वर्षांत काँग्रेसला राष्ट्रपतिपदासाठी पुन्हा नाव शोधावे लागले. गेल्या लेखांकात १९६७ ची निवड पाहिली. तेव्हाही मतभेद होते, पण ते घरातल्या घरात मिटले. या वेळी ते मिटले नाहीत आणि वर्ष संपण्याआधी पक्ष फुटला.

इतका अटीतटीचा वाद कशासाठी? १९६२ साली लोकसभेत काँग्रेसचे ३६१ सदस्य होते, १९६७ नंतर ते २८३ उरले. बहुमत निसटते असले की सरकार स्थापनेसाठी कोणाला बोलवायचे, हा राष्ट्रपतींचा अधिकार एकदम वजनदार होतो. कामराज, निजलिंगप्पा, स. का. पाटील या काँग्रेसमधल्या ‘सिंडिकेट’ गटाच्या नेत्यांना हे कळत होते आणि इंदिरा गांधींनाही कळत होते. दोन्ही बाजूंच्या मनात प्रश्न पंतप्रधानपदाचा होता, चर्चा मात्र राष्ट्रपतिपदाची चालली होती.

जुलैमध्ये बंगळूरच्या अधिवेशनात पक्षाचे संसदीय मंडळ बसले. इंदिराजींनी जगजीवनराम यांचे नाव मांडले. ते गांधी जन्मशताब्दीचे वर्ष होते आणि अशा वर्षी दलित समाजातला नेता राष्ट्रपती व्हावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. माझ्या मते बंगळूरला पुढे आलेले हे सर्वांत अर्थपूर्ण नाव. पण त्यामागे पूर्वतयारी नव्हती, सहकाऱ्यांशी आधी बोलणे झालेले नव्हते. त्यामुळे एका मोठ्या सामाजिक प्रश्नाचा विचार गटबाजीच्या तराजूत झाला. दलित समाजातली व्यक्ती राष्ट्रपती व्हायला मग १९९७ साल उजाडावे लागले, के. आर. नारायणन यांच्या रूपाने.

मंडळाने बहुमताने लोकसभेचे सभापती नीलम संजीव रेड्डी यांना पसंती दिली. गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांचे मतही रेड्डींनाच पडले. फुटीनंतर मात्र ते इंदिराजींबरोबर राहिले आणि कुंपणावरचे नेते म्हणून त्यांच्यावर टीका झाली. ही टीका मला अर्धीच पटते. उमेदवार निवडताना मंडळात स्वतंत्र मत देणे आणि पुढे पक्ष फुटल्यावर सरकारची बाजू घेणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुढच्या घडामोडी झपाट्याने झाल्या. मोरारजी देसाईंकडून अर्थखाते काढून घेतले गेले, १९ जुलैला १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि २० जुलैला उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी पदाचा राजीनामा देऊन अपक्ष म्हणून रिंगणात उतरले. रेड्डींच्या अर्जावर इंदिराजींनी सही केली होती, तरीही त्यांच्या गोटातून सदसद्विवेकबुद्धीने मत देण्याची हाक आली.

ही हाक देता आली, कारण राष्ट्रपती निवडतात ते खासदार आणि आमदार, आणि तेही गुप्त मतदानाने. तिथे पक्षादेश चालत नाही. पक्ष नाव सुचवतो, मते पडतीलच याची हमी त्याच्या हातात नसते. म्हणून उमेदवार असा लागतो, की ज्याच्यासाठी मन वळवावे लागणार नाही.

निजलिंगप्पांनी वेगळी वाट धरली. जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाचे उमेदवार होते चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय मंत्रिपद सोडलेले रायगडचे सुपुत्र. त्यांच्या मतदारांनी दुसरी पसंती रेड्डींना द्यावी, म्हणून निजलिंगप्पांनी त्या दोन पक्षांशी बोलणी केली. याचा परिणाम आकड्यांतच वाचता येतो. पहिल्या पसंतीच्या मतांचे मूल्य असे होते : गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. विजयासाठी ४,१८,१६९ हवे होते. देशमुख आणि इतर उमेदवार बाद होत गेले तसे रेड्डींच्या खात्यात जवळजवळ ९२ हजारांची भर पडली, गिरींच्या खात्यात साडेअठरा हजारांची. अखेरीस गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७.

म्हणजे बोलणी फुकट गेली नव्हती, दुसरी पसंती भरभरून मिळाली. कमी पडली ती पहिली पसंती, म्हणजे स्वतःच्याच माणसांची. आणि ती कमी पडण्याचे एक कारण ही बोलणीच होती. जनसंघाशी हातमिळवणी झाल्याचा आरोप करायला विरोधी गटाला त्यामुळे आयते निमित्त मिळाले आणि काँग्रेसचे अनेक खासदार-आमदार गिरींकडे वळले. मंडळाला उमेदवार ठरवण्याचा पूर्ण अधिकार होता. पण पंतप्रधानांना मतदानात हरवून ठरवलेले नाव पंतप्रधानांनीच मनापासून चालवावे, ही अपेक्षा भाबडी होती. अर्जावर सही करून नंतर पाठ फिरवणेही मला योग्य वाटत नाही. नाव मान्य नव्हते, तर सही नाकारायला हवी होती.

नोव्हेंबरमध्ये इंदिराजींना पक्षातून काढले गेले आणि काँग्रेस दुभंगली. रेड्डी मात्र १९७७ साली बिनविरोध राष्ट्रपती झाले. ज्या नावावर पक्ष फुटला, त्याच नावावर आठ वर्षांनी एकमत कसे झाले, ते पुढच्या लेखांकात.