व्हिलनचा गुन्हा

सिनेमातला ‘व्हिलन’ आपल्या वस्त्यांतल्या पोरांनाही ठाऊक आहे. माझे विद्यार्थी तर तो शब्द मराठीच असल्यासारखा वापरतात. या व्हिलनचा मूळ गुन्हा कोणता, असे मी वर्गात विचारतो. गुन्हा एवढाच, की तो दुसऱ्याच्या शेतात राबत होता.

लॅटिनमध्ये ‘व्हिला’ म्हणजे जमीनदाराची शेतवाडी आणि त्या वाडीला बांधलेला माणूस म्हणजे ‘व्हिलानुस’. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा ‘विलँ’ झाला आणि १०६६ नंतर नॉर्मन राज्यकर्त्यांबरोबर तो इंग्लंडात उतरला. १०८६ च्या ‘डूम्सडे’ नोंदवहीत मोजलेल्या माणसांपैकी सुमारे ४० टक्के याच नावाखाली आहेत. पुढे कायद्याने त्याला आणखी आवळले. आठवड्यातले ठरावीक दिवस मालकाच्या जमिनीवर फुकट राबायचे, मुलीच्या लग्नासाठी मालकाला पैसे मोजायचे, परवानगीवाचून जागा सोडायची नाही. वेठ म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

मग कष्टकऱ्याचे नाव शिवी कसे झाले? लेखणी दरबाऱ्यांच्या आणि मठवाल्यांच्या हाती होती. त्यांच्या कथांतून राबणारा माणूस कुरूप, घाणेरडा, अडाणी म्हणूनच येई. ‘विलिस’ म्हणजे स्वस्त, हलका, हा लॅटिनमधला वेगळाच शब्द. पण उच्चारसाम्यामुळे त्यानेही या बदनामीला हातभार लावला. आज फ्रेंच ‘विलँ’ म्हणजे कुरूप किंवा वाईट, इटालियन ‘व्हिल्लानो’ म्हणजे असभ्य, स्पॅनिश ‘विल्यानो’ म्हणजे नीच. जर्मनांनी शब्द घेतला नाही, तुच्छता मात्र घेतली : खेडुतासाठी असलेल्या शब्दाचा ‘ट्योल्पेल’, म्हणजे गबाळा मूर्ख, झाला.

याच वाडीतला दुसरा शब्द पाहा. ‘कोहोर्स’ म्हणजे कुंपणाचे आवार, गुराकोंबड्यांचेसुद्धा. त्यातून ‘कोर्ट’ आले आणि कोर्टातून ‘कर्टसी’, म्हणजे सभ्यता! आवाराचा दरबार झाला आणि गड्याचा गुंड. ‘व्हिला’चे काय झाले, ते लोणावळ्याच्या जाहिरातींत दिसतेच.

१३८१ साली इंग्लंडातले शेतकरी लंडनवर चालून गेले, तेव्हा ही वेठ रद्द करा अशी त्यांची प्रमुख मागणी होती. राजा दुसरा रिचर्ड याने सनदा दिल्या आणि काही आठवड्यांतच त्या फिरवल्या. आता इतिहासकार त्या वेठबिगाराचे नाव इंग्रजीत ‘ए’ऐवजी ‘ई’ घालून लिहितात. त्यामुळे कोशात दोन वेगळ्या नोंदी पडतात, आणि ‘व्हिलन’चा अर्थ शोधणाऱ्या पोराला तो वेठबिगार दिसतच नाही.