जमीन गेली, गाणे राहिले

आपल्या आयाबायांनी पहाटे जात्यावर बसून बाबासाहेबांच्या ओव्या रचल्या, त्या कोणी छापण्यासाठी नव्हे. पीठ पडत होते, ओवी चालली होती. कष्टाच्या ठेक्यावर जन्मलेली अशीच गाणी दूर स्कॉटलंडातही आहेत. त्यांपैकी एक, सुमारे चारशे वर्षांपूर्वीचे मानले जाणारे, १९९२ साली ब्रिटनमध्ये खपाच्या पहिल्या चाळीस गाण्यांत जाऊन बसले. स्कॉटिश गेलिक भाषेतील गाण्याला हा मान त्यापूर्वी कधीच मिळाला नव्हता. ते गाणे ज्या अल्बममध्ये आहे, त्याची ओळख आमच्या वाचक बंधुभगिनींना करून द्यावीशी वाटते.

अल्बमचे नाव 'डिलिरियम', म्हणजे तापातली बरळ. तो निघाला १९९१ साली. काढणारा संच कॅपरकेली. हे स्कॉटलंडच्या रानातल्या एका मोठ्या पक्ष्याचे नाव असून मूळ गेलिक शब्दाचा अर्थ 'रानातला घोडा' असा होतो! पश्चिम किनाऱ्यावरील ओबन गावच्या शाळेत शिकणाऱ्या मुलामुलींनी १९८४ च्या सुमारास हा संच उभा केला. गायिका कॅरन मॅथिसन, आणि अ‍ॅकॉर्डियन व पेटीवजा वाद्ये वाजवणारा डोनाल्ड शॉ. जोडीला फिडल, बासरी आणि आजचे ड्रमही. ड्रमचा ठोका एकदोन ठिकाणी आम्हांला जड वाटला, पण कॅरनच्या गळ्यापुढे ती तक्रार टिकत नाही.

ते गाजलेले गाणे आहे 'कोशिच अ रून', म्हणजे 'चाल, माझ्या सख्या'. ते कापड बडवण्याचे गाणे आहे. हाताने विणलेले लोकरीचे कापड दाट व्हावे म्हणून ते साठवून ठेवलेल्या शिळ्या मुतात भिजवीत. मग लांब फळीच्या दोन्ही बाजूंना बाया बसत आणि ओले कापड फळीवर आपटत, पुढे सरकवीत. घाण वास, दुखणारे हात! एक जण कडवे म्हणे, बाकीच्या ध्रुपद उचलीत. ध्रुपदात पुष्कळदा अर्थाचे शब्द नसतातच, नुसता ठेका असतो. काम किती झाले हे घड्याळावर नव्हे, गाण्यांवर मोजत. पुरुषांना तिथे मज्जाव असे, म्हणून मनातले सारे बाहेर येई : प्रेम, विरह, सासरची बोलणी, मेलेल्या माणसाचा शोक. गिरण्यांचे कापड आले आणि हे काम संपले. गाणी उरली म्हाताऱ्या बायांच्या तोंडी, आणि १९५१ साली एडिंबरा विद्यापीठात सुरू झालेल्या लोकपरंपरा विभागाच्या ध्वनिफितींत.

आता त्या लोकांवर काय गुजरले, ते पाहिल्याशिवाय नवी गाणी कळणार नाहीत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्याच्या मध्यापर्यंत उत्तर स्कॉटलंडातील जमीनदारांनी कुळांना पिढीजात शेतांवरून हाकलले. कारण काय, तर मेंढ्यांत जास्त नफा! सदरलँड परगण्यात १८१४ आणि १८१९ साली घरांची छपरे पेटवून दिली गेली. जमीनदाराचा कारभारी पॅट्रिक सेलर याच्यावर १८१६ साली खटला झाला, आणि तो निर्दोष सुटला. लोक समुद्रकाठच्या खडकाळ तुकड्यांवर किंवा बोटीने कॅनडाला गेले. १८७२ च्या शिक्षण कायद्यात गेलिक भाषेला जागाच नव्हती. शाळेत ती बोलणाऱ्या मुलांना मार बसे.

आपल्या दुःखाशी याची तुलना फार ताणू नये. तिथे जन्मावरून शिवाशिव नव्हती. शिवाय हाकलले गेलेल्यांपैकी अनेकांनी परदेशी जाऊन तिथल्या मूळ रहिवाशांच्याच जमिनींवर घरे बांधली, आणि काही स्कॉटिश जमीनदारांचा पैसा गुलामांच्या घामातून आलेला होता. हेही त्याच इतिहासात आहे.

पण त्या काळातली मेरी मॅकफर्सन मात्र आपल्या वाचकांना जवळची वाटेल. स्काय बेटावरची ही बाई. १८७२ साली मालकिणीचे कपडे चोरल्याचा आळ येऊन ती तुरुंगात गेली. आपण निर्दोष आहोत हे ती शेवटपर्यंत सांगत राहिली. तुरुंगातून तिची गाणी सुरू झाली, आणि पुढे कुळांच्या चळवळीत ती सभांतून गायली. आंबेडकरी जलशांनी सभेआधी जे काम केले, तेच हे काम. १८८२ साली स्कायच्या कुळांनी पोलिसांना दगडांनी तोंड दिले. १८८६ च्या कायद्याने त्यांना जमिनीवरून हुसकता येणार नाही असे संरक्षण मिळाले.

'डिलिरियम'मधील इंग्रजी गाणे 'वेटिंग फॉर द व्हील टू टर्न' याच धाग्याने विणलेले आहे. जुनी हकालपट्टी आज गाजावाजा न करता पुन्हा येते आहे, असा त्याचा सूर. म्हणजे संचाने आजीची गाणी नुसती काचेच्या कपाटात ठेवली नाहीत, तर त्यांच्या शेजारी आजचा प्रश्न बसवला. अल्बमला ज्याच्यावरून नाव पडले, ते 'ब्रेश्लाख' हे गेलिक गाणेही नवेच आहे. वामनदादा कर्डकांनी लोकांच्या ओळखीच्या चालींत नवा विचार भरला, तो मार्ग आमच्या वाचकांना सांगायला नको.

आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. स्कॉटलंडात नुसत्या गोळा करण्यावर लोक थांबले नाहीत. १९८१ साली बॅरा बेटावर मुलांना गेलिक गाणी आणि वाद्ये शिकवणारे शिबिर भरले. त्याचे पाहून गावोगाव तशी शिबिरे सुरू झाली. मुलांना शिकवायला तिथे त्यांच्याच मुलखातले गाणारे आणि वाजवणारे बसतात.