शिवणाच्या डब्यातली टेप काय सांगते?

लग्नानंतर नवरोबांचे पोट थोडे सुटले की ‘लग्न मानवले हो!’ म्हणून नातेवाईक कौतुक करतात. चाळिशीत मात्र पट्ट्याला नवे भोक पाडण्याची वेळ येते. तपासणीत रक्तदाब जरासा जास्त, साखर काठावर, चरबी थोडी वाढलेली निघते. ‘मधुमेह तर नाही ना!’ असे म्हणत रिपोर्ट कपाटात ठेवला जातो. चूक होते ती इथेच.

हे किरकोळ वाटणारे बिघाड बहुधा टोळीने येतात. त्यांच्या मुळाशी शरीराने इन्शुलिनला नीट दाद न देणे असते, हा विचार अमेरिकेतील डॉ. जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्ये ठळकपणे मांडला. या समूहाला आज ‘मेटाबॉलिक सिंड्रोम’ म्हणतात.

पाच कसोट्या

भारतीय पुरुषाच्या पोटाचा घेर ९० सेंटिमीटर व स्त्रीचा ८० किंवा अधिक. रक्तदाब १३०/८५ किंवा अधिक. उपाशीपोटी साखर १०० किंवा अधिक. ट्रायग्लिसराइड्स १५० किंवा अधिक. आणि ‘चांगले’ कोलेस्टेरॉल (एचडीएल) पुरुषात ४० व स्त्रीत ५० पेक्षा कमी. यांपैकी तीन लागू पडल्या, की सावध व्हायलाच हवे. औषधाने ताब्यात असलेला रक्तदाब वा साखरही यात धरली जाते.

हृदयावर घाला कसा पडतो?

वाढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड आणि ताठर होते. रक्त भरून घेण्यासाठी हा कप्पा सैल पडावा लागतो. ताठर कप्पा तसा सैलावत नाही. मग रक्ताचा दाब मागे फुप्फुसांकडे वाढतो आणि जिना चढताना धाप लागते. गंमत म्हणजे, अशा वेळी ‘पंपिंग’चा आकडा नॉर्मलही असू शकतो! त्यामुळे ‘वय झाले’ म्हणून दम लागण्याकडे दुर्लक्ष होते. दुसरीकडे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थर साचत असतात. त्यातून पुढे हृदयविकाराचा झटका येऊ शकतो.

सडपातळ माणसेही सुटत नाहीत

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! म्हणूनच भारतीयांनी केवळ वजनकाट्यावर विसंबू नये.

घरीच करा सुरुवात

शिवणाच्या डब्यातली टेप काढा. उभे राहून, सहज श्वास सोडल्यावर, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध घेर मोजा. पोट आत ओढू नका!

आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालावे. मीठ दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे. त्यात लोणचे, पापड, फरसाणही आले. गोड चहाच्या फेऱ्या कमी कराव्यात, ताटात भाजी, उसळ वाढवून भात-पोळी थोडी घटवावी. तंबाखू पूर्ण सोडावी. वजन जास्त असेल तर ते ५ ते १० टक्क्यांनी उतरले तरी रक्तदाब, साखर आणि चरबी तिन्हींत फरक पडतो. चालू असलेली औषधे मात्र मनाने बंद करू नयेत, आणि दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर डॉक्टरांकडे जाण्यात दिरंगाई नको.