बारापेडेची गुहा, मदुराईची परिषद आणि गुंजीची ग्रामसभा

लोंढ्याहून खानापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर गुंजी हे स्थानक लागते. गावाच्या पश्चिमेला भीमगडचे अरण्य पसरलेले आहे आणि त्यापलीकडे गोव्याची हद्द सुरू होते. याच अरण्यात तळेवाडी गावाजवळ बारापेडेच्या गुहा आहेत. जगातील वटवाघूळतज्ज्ञांना खानापूर तालुक्याचे अन्य काहीही ठाऊक नसले, तरी या गुहांचे नाव मात्र ठाऊक असते. शंभर वर्षांहून अधिक काळ ते संशोधनपत्रिकांत छापले जात आहे आणि आंतरराष्ट्रीय बैठकांतील चर्चांत येत आहे.

आंतरराष्ट्रीय विज्ञान परिषद म्हटली की मोठे सभागृह, गळ्यात ओळखपत्र अडकवलेले प्रतिनिधी आणि उद्घाटनाची समई एवढेच चित्र सामान्य वाचकाच्या डोळ्यांसमोर येते. तेथे नेमके घडते काय, त्याचा गावाशी संबंध कोणता आणि त्या चर्चेत गावाला बोलता येते का, हे प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतात. बारापेडेच्या वटवाघळाची कथा या तिन्ही प्रश्नांना हात घालते.

गुहेतून लंडनला

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने देशभरातील सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण हाती घेतले होते. त्या काळात बारापेडेच्या गुहांत सापडलेल्या एका वटवाघळाचे नमुने लंडनला पोहोचले. ब्रिटिश संग्रहालयातील प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफील्ड थॉमस यांनी ते तपासले आणि ही प्रजाती विज्ञानाला नवी असल्याचे १९१३ साली सोसायटीच्याच नियतकालिकात जाहीर केले. सर्वेक्षणाच्या उभारणीत मोठा वाटा असलेले वनाधिकारी रॉबर्ट चार्ल्स रॉटन यांचे नाव तिला देण्यात आले. ‘ओटोमॉप्स रॉटोनी’ हे तिचे शास्त्रीय नाव. पुढे आलेले मोठे कान आणि पडद्यातून मोकळे राहिलेले शेपटीचे टोक ही तिची ओळख. मराठीत तिला रॉटनचे मुक्तपुच्छ वटवाघूळ म्हणता येईल.

नाव देण्याची ही पद्धतही एका आंतरराष्ट्रीय परिषदेचेच फळ आहे. एकाच प्राण्याला प्रत्येक देशाने वेगळे नाव दिले, तर संशोधकांना एकमेकांचे लेखन समजणार नाही. म्हणून १८९५ साली नेदरलँड्समधील लायडेन येथे भरलेल्या प्राणिशास्त्राच्या जागतिक परिषदेत नामकरणाच्या नियमांसाठी एक आयोग नेमण्यात आला. तो आजही कार्यरत आहे. सर्वांनी मान्य करावयाचे नियम ठरवणे हे परिषदांचे पहिले आणि बहुधा सर्वांत टिकाऊ कार्य होय.

परिषदेत घडते काय?

संशोधक प्रथम आपल्या कामाचा सारांश संयोजकांकडे पाठवतो. त्या विषयातील जाणकार तो तपासतात. निवड झाल्यास त्याला व्यासपीठावरून मांडणीसाठी दहा-पंधरा मिनिटे मिळतात किंवा भित्तिपत्रकाद्वारे काम दाखवण्याची संधी मिळते. मांडणीनंतरचे प्रश्नोत्तर हा परिषदेचा खरा गाभा असतो. नमुने किती होते, मोजणी कोणत्या ऋतूत केली, दुसरी शक्यता का नाकारली, असे प्रश्न समोरच विचारले जातात. त्यांना उत्तर न देता आल्यास काम पुन्हा करावे लागते. परिषदेत वाचलेला निबंध म्हणजे सिद्ध झालेले सत्य नव्हे, ही गोष्ट वृत्तपत्रांच्या वाचकांनी तर अवश्य ध्यानात ठेवावी. तपासणीच्या वाटेवरील तो एक टप्पा असतो.

वटवाघळांचा अभ्यास करणाऱ्यांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९६८ साली तत्कालीन चेकोस्लोव्हाकियात भरली. १९९२ मध्ये तिचे नववे अधिवेशन तामिळनाडूतील मदुराई येथे झाले. त्याच मदुराईत जानेवारी २००२ मध्ये दक्षिण आशियातील वटवाघळांचा आढावा घेणारी कार्यशाळा झाली. प्रत्येक प्रजातीचा अधिवास किती, संख्या वाढते की घटते आणि धोका कोणता, याचा विचार तीत एकत्र बसून करण्यात आला. अशा बैठकांत भाषणांपेक्षा तक्ते अधिक बोलतात. एका संशोधकाच्या वहीतील नोंद दुसऱ्याच्या नोंदीशेजारी ठेवली की, एरवी न दिसणारे चित्र दिसू लागते.

बारापेडेच्या वटवाघळाबाबत असेच घडले. कित्येक दशके त्याचे जगातील एकमेव ज्ञात वसतिस्थान तळेवाडीजवळच होते. त्यामुळे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने (आययूसीएन) १९९६ साली त्याची गणना अतिसंकटग्रस्त प्रजातींत केली. पुढे कंबोडियात आणि मेघालयात त्याच्या नोंदी झाल्या. २००८ साली त्याचा वर्ग बदलून ‘अपुरी माहिती’ असा करण्यात आला. हा शब्द फसवा आहे. धोका टळला असा त्याचा अर्थ नाही. धोका किती आहे हे सांगण्याइतकी माहिती आपल्यापाशी नाही, एवढीच ती कबुली आहे. आपले आधीचे अनुमान नव्या पुराव्यापुढे मागे घेण्याची ही तयारी विज्ञानाच्या व्यासपीठाला राजकीय व्यासपीठापासून वेगळी करते.

यादीपासून कायद्यापर्यंत

अशा याद्यांचे पडसाद कायद्यात उमटतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली फळभक्षी वटवाघळांना दीर्घकाळ उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचीत ठेवण्यात आले होते. २०२२ च्या दुरुस्तीपूर्वी सर्वोच्च संरक्षणाच्या पहिल्या अनुसूचीत दोनच वटवाघळांना स्थान होते. एक दक्षिणेतील सलीम अली फळभक्षी वटवाघूळ आणि दुसरे बारापेडेचे. २०११ च्या डिसेंबरात भीमगडला अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याला लागून असलेले गोव्यातील म्हादई अभयारण्य १९९९ सालचे. वाघ, वटवाघूळ आणि म्हादईचे पाणी यांपैकी कोणालाही राज्यांची हद्द ठाऊक नाही. म्हणूनच या अरण्याविषयी कोठेही झालेली वैज्ञानिक चर्चा पणजीतील वाचकालाही परकी नाही.

मात्र विज्ञान एक सांगते आणि निर्णय दुसराच होतो, असेही घडते. पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा देण्याचा प्रश्न २०१२ साली रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथील अधिवेशनात आला. तज्ज्ञ सल्लागार या नात्याने आययूसीएनने प्रस्ताव लांबणीवर टाकून सुधारून आणावा, असे सुचवले होते. सदस्य देशांच्या समितीने ३९ स्थळांना तेथेच मान्यता दिली. त्या ३९ स्थळांत गोव्यातील एकही नाही आणि भीमगडही नाही. सल्ला तज्ज्ञांचा असतो, निर्णय सरकारांचा. या दोहोंतील अंतर कळण्यासाठी परिषदांचे इतिवृत्त लोकांपर्यंत पोहोचणे आवश्यक ठरते.

गोव्याचा अनुभव

या बाबतीत गोवा सुदैवी म्हणावा लागेल. साठच्या दशकात अनेक देशांनी मिळून केलेल्या आंतरराष्ट्रीय हिंद महासागर मोहिमेतून १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्माला आली आणि दोनापावला हे तिचे मुख्यालय झाले. २००८ पासून दा. ध. कोसंबी विचार महोत्सवाने विद्वानांना थेट नागरिकांपुढे उभे केले. डिसेंबर २०२१ मध्ये भारतीय आंतरराष्ट्रीय विज्ञान महोत्सव पणजीत भरला. तज्ज्ञांची परिषद आणि लोकांचे व्यासपीठ या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत संशोधक संशोधकाला प्रश्न विचारतो, दुसऱ्यात नागरिक संशोधकाला. समाजाला दोन्हींची गरज असते.

दुसऱ्या व्यासपीठाचे मोल २०२० साली विशेष जाणवले. करोनाच्या भीतीने वटवाघळांविषयी अफवा पसरल्या आणि त्यांना हुसकावण्याचे प्रकार घडू लागले. तेव्हा दक्षिण आशियातील सहा देशांच्या ६० हून अधिक अभ्यासकांनी एकत्रित निवेदन काढले. वटवाघळांपासून माणसांत तो विषाणू थेट पसरतो असा पुरावा नाही, उलट कीटकांवर नियंत्रण आणि परागीभवन यांसाठी ती उपयुक्त आहेत, असे त्यांनी सांगितले. या अभ्यासकांची परस्परांशी ओळख परिषदा-कार्यशाळांतून घट्ट झालेली नसती, तर इतक्या तातडीने एका सुरात बोलणे त्यांना अवघड गेले असते.

परतीचा रस्ता

आता मूळ प्रश्नाकडे यावे. गुहेतील नमुना लंडनला गेला, त्याची चर्चा जगभर झाली, नियम आणि अधिसूचना दिल्ली-बंगळुरूहून निघाल्या. ज्या गावांच्या शिवारालगत हे सारे आहे, त्यांच्यापर्यंत हे ज्ञान कोणत्या भाषेत परतले? संशोधन इंग्रजीत, राज्याचा कारभार कन्नडमध्ये आणि खानापूर-गुंजी परिसरातील असंख्य घरांतील बोलणे मराठीत. सीमाभागातील भाषेचा प्रश्न पाटी आणि परिपत्रकापुरता मर्यादित नसतो. जंगल, पाणी आणि जमीन यांवरील शास्त्रीय चर्चेत सहभागी होण्याचा तो प्रश्न आहे.

पश्चिम घाटातील पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राची प्रारूप अधिसूचना १० मार्च २०१४ रोजी निघाली. त्यानंतर ती वारंवार नव्याने काढावी लागली. सहावे प्रारूप ३१ जुलै २०२४ चे. हरकती नोंदवण्यासाठी मुदत असते ६० दिवसांची. नकाशे, सर्वेक्षण आणि तांत्रिक संज्ञा समजून घेऊन दोन महिन्यांत म्हणणे मांडणे शेतकऱ्याला सोपे नाही. त्यामुळे चर्चेची जागा भीती घेते. घर बांधता येईल का, शेतात जाता येईल का, अशा प्रश्नांची उत्तरे कागदात असली तरी गावात पोहोचत नाहीत.

न्यायालयाने या उणिवेची दखल घेतलेली आहे. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या २०२० च्या प्रारूपाचा अनुवाद घटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत उपलब्ध करून द्यावा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी दिला. मराठी त्या अनुसूचीत आहे. २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणीपूर्वी किमान ३० दिवसांची सूचना आणि प्रकल्प अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत देणे बंधनकारक आहे. सीमाभागात ‘स्थानिक भाषा’ म्हणजे कोणती, हे मात्र गावानेच वेळेवर आणि लेखी विचारले पाहिजे.

त्याहूनही जवळचे व्यासपीठ गावातच आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेला जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करण्यास सांगितले आहे. केंद्राच्या २००४ च्या नियमांनुसार तीत किमान एक तृतीयांश महिला असणे आवश्यक होते. लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे प्रमुख काम. कोणती रानभाजी कधी उगवते, कोणत्या झऱ्याचे पाणी चैत्रात आटते, वटवाघळे कोठे दिसतात, याची माहिती जुन्या जाणत्यांच्या तोंडून ऐकून तीत उतरवावयाची असते. पश्चिम घाटावरील तज्ज्ञ समितीचे अध्यक्ष राहिलेले माधव गाडगीळ यांनी अशा लोकनोंदींचा दीर्घकाळ पुरस्कार केला. त्यांच्या समितीने २०११ च्या अहवालात निर्णयप्रक्रिया ग्रामसभांपर्यंत नेण्याचा आग्रह धरला होता.

हे काम करण्यास परदेशी विद्यापीठाची पदवी लागत नाही. बेळगाव किंवा खानापूरच्या महाविद्यालयातील विज्ञानाचा विद्यार्थी मराठीत ऐकून, ते तपासून, इंग्रजीत आणि कन्नडमध्ये मांडू शकतो. सीमाभागाच्या वाट्याला आलेल्या अनेक भाषा येथे ओझे न ठरता भांडवल ठरतात. त्याच विद्यार्थ्याने एक सावधगिरी मात्र बाळगावी. ‘आंतरराष्ट्रीय’ हे विशेषण लावून केवळ शुल्क उकळणाऱ्या परिषदांचा सुळसुळाट झाला आहे. सारांश पाठवल्यावर काही तासांत स्वीकृती येत असेल, एकाच छताखाली अनेक असंबद्ध विषय असतील, संयोजक समितीतील व्यक्तींना आपले नाव तेथे आहे हेच ठाऊक नसेल, तर तेथे पैसे भरू नयेत. खरी परिषद आपले काम तपासते, खोटी परिषद फक्त पावती देते.

ओटोमॉप्स रॉटोनीची माहिती आजही ‘अपुरी’ गणली जाते, तर ती पुरी करण्यात गुहेच्या शेजाऱ्यांचा वाटा सर्वांत मोठा असू शकतो. १९१३ च्या लेखाला संशोधकाचे नाव लाभले, प्रजातीला अधिकाऱ्याचे. गुहेची वाट ठाऊक असणाऱ्या गावकऱ्यांच्या वाट्याला त्या नावांत काहीच आले नाही. पुढील नोंदीत तरी हे घडू नये, यासाठी पहिली बैठक गुंजीसारख्या गावच्या ग्रामसभेत आणि गावाच्या भाषेत व्हावयास हवी.